बारा मार्कांची सायकल

आदिलाबादच्या बाजारात देवाजीला नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'बारा मार्क' म्हणतात. नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की देवाजी हातातला पाना खाली ठेवतो आणि हौसेनं आपली फजिती सांगायला बसतो. दुसऱ्यानं सांगितली तर तिखटमीठ कमी पडतं, असं त्याचं म्हणणं.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आयटीआयमधून फिटर होऊन तो उत्तमरावांच्या दुकानात लागला होता. लोकांनी टाकून दिलेल्या सायकली उत्तमराव घेत आणि विकत. दुकानात एक लोखंडी स्टूल होतं. त्यावर बसेल त्यानं भाव ठरवायचा, बाकीच्यांनी जमिनीवर बसून पंक्चर काढायचं. उत्तमरावांची नजर अधू झाली, तेव्हा ते म्हणाले, "आजच्या बाजारात या नऊ सायकलींचे भाव तू लाव. जमलं तं स्टूल तुयं. नाही तं पंपाजवळ बस."

देवाजीला ते स्टूल तहसीलदाराच्या खुर्चीएवढं दिसू लागलं. त्यानं व्हर्नियर कॅलिपर काढला, रिमची जाडी मोजली, चेन किती ताणली गेली ते पाहिलं, शंभर मार्कांचा तक्ता केला आणि प्रत्येक सायकलच्या दांडीवर खडूनं मार्क लिहिले. एकीला चेन नव्हती, सीट नव्हती, पायडल नव्हते. कॅरियरला मात्र कोणीतरी जाड सळया जोडलेल्या. तिला बारा मार्क, किंमत तीस रुपये. तेही दया म्हणून.

उत्तमराव चहाला गेले आणि पंचफुला आली. चाळिशीची बाई, हॉटेलांना पाणी पुरवायची. बाकीच्या आठ सायकलींकडं तिनं पाहिलंही नाही. बारा मार्कवालीच्या कॅरियरवर सगळा भार टाकला, मग एका हातानं चार पावलं ढकलत नेली.

"केवढ्याची, बापू?"

"तीस. पण मावशी, हे नका नेऊ. सीट नाही, चेन नाही. बसान कुठं?"

"एवढी खराब हाय तं तीस काऊन सांगून राह्यला? पंचवीस घे."

देवाजीला तिची कीव आली. त्यानं पंचवीसला दिली, वर चाकांत हवाही फुकट भरली.

उत्तमराव परत आले. "ते सळयावाली कुठं गेली बे?"

"ते नापास होती, मालक. एका भोळ्या बाईले खपवली!"

"अरे, तिच्यावर सहा घागरी राह्यते! पाणीवाले सायकलवर बसत नाहीत, ढकलत नेतात. मी शंभर घेतले असते. भोळं कोण हाय, ते मले समोर दिसून राह्यलं."

देवाजी पंपाजवळ गेला. पण शिकलेला माणूस, असा हरतो काय? पुढच्या बाजाराला त्यानं नव्वद मार्कांची एक चालती सायकल धरली, तिची चेन, सीट, पायडल सगळं उतरवलं आणि घागरींची सायकल ढकलत चाललेल्या पंचफुलाला हाक मारली.

"मावशी, खास तुमच्यासाठी बनवली!"

तिनं कॅरियर दाबला. तो पापडासारखा वाकला. हसून हसून तिला धाप लागली, म्हणून ती रिकाम्या स्टुलावर टेकली. "बापू, सीट तं मी घरीबी काढली असती. चांगली सायकल काऊन नासवली? कॅरियर पाह्य, मागचे आरे पाह्य!" आणि बसल्या बसल्या ती दुकानातल्या एकेका सायकलीकडं बोट दाखवत गेली, "ते दूधवाल्याले दे, कॅरियरचा चिमटा दणकट हाय. ते पोरीले, दांडी खाली हाय. ते भंगारात."

उत्तमरावांनी कान टवकारले. "देवाजी, खडू घे. लिहून घे."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दोन तास ते स्टूल पंचफुलाचं. देवाजी शेजारी उभा राहून लिहायचा. व्हर्नियर पेटीत गेला.

गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मग तुम्हाला स्टूल मिळालंच नाही?"

"मिळालं ना! चौऱ्याण्णव साली मालकांनी मावशीसाठी नवं आणलं. हे जुनं मले देल्लं. एक पाय डुगडुगते," देवाजी सांगतो, "पण मी त्याले मार्क नाही देल्ले."