दुसरा खडा

सोलापुरात बर्फ मिळायचा तो लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, आणि आणला जायचा तो बहुधा तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवायला. त्यामुळे मायाप्पा धनगर जेव्हा सांगायचा की आपला मेहुणा हरिबा बर्फात गाडला जाऊन मेला, तेव्हा नवी पेठेतले ओळखीचे दुकानदार आधी त्याच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायचे. एखादा म्हणायचा, "बर्फानं माणूस वाचतो रे मायाप्पा, मरत न्हाय." मायाप्पा खांद्यावरची घोंगडी सारखी करून पुढं व्हायचा. लोकांच्या बोलण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण हरिबाची बायको केराबाईही हेच म्हणायची, आणि ते मात्र त्याला झोंबायचं.

मायाप्पा मूळचा मंगळवेढ्याकडचा. एका साली मेंढरांत रोग शिरला आणि कळपच्या कळप गारद झाला, तेव्हा घोंगड्या विकायला म्हणून तो शहरात आला आणि गिरणीच्या इंजिनसाहेबाच्या बंगल्यावर राखणीला राहिला. साहेब सडाफटिंग, बोलायला कंजूष, पण डोंगराचं भारी वेड. दर नाताळात रजा टाकून काश्मिरात गुलमर्गला जायचा, कशाला, तर पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरायला. सामान वाहायला माणूस हवा म्हणून अठ्ठावीस साली त्यानं मायाप्पाला बरोबर घेतलं आणि मायाप्पानं हरिबाला. हरिबा विशीतला, नुकतंच लग्न झालेला. कुठं चल म्हटलं की कुठं ते न विचारता पायताण शोधणारा गडी.

रावळपिंडीपर्यंत आगगाडी, पुढं मोटार आणि शेवटी पायी चढ. पहिल्याच आठवड्यात साहेबानं गंमत म्हणून दोघांना जुन्या फळ्या दिल्या. दोघं इतके आपटले की साहेबाला हसता हसता खाली बसावं लागलं. पण पाय धनगराचे होते. उतार त्यांना नवा नव्हता. पाऊल न उचलता उतरायचं, एवढंच शिकायचं होतं. फळी सरसर चालावी म्हणून तिच्या तळाला मेण घासतात, ते काम हरिबानं आपणहून घेतलं. घरी आल्यावर केराबाईला तो म्हणाला होता, "तू मेण लावतीस कपाळाला, आमी लावतो फळीला. दोगांचंबी सौभाग्य मेणावरच हाय बघ." केराबाई कुंकवाआधी मेणाचं बोट कपाळावर टेकवायची तेव्हा पुढं कितीतरी दिवस तिला हसू यायचं.

हाटेलाजवळच्या उतारावर साहेब-मडमा दिवसभर घसरून बर्फ मळवून टाकायचे. इंजिनसाहेब तिकडं ढुंकूनही बघायचा नाही. त्याला कोरा बर्फ लागायचा. वर अफरवत डोंगराच्या कुशीत, देवदार संपतात त्याच्याही वर, जिथं कुणाच्या फळीची रेघ उठलेली नाही. तिथून खाली यायला वाट नव्हतीच, दर वेळी आपली आपण पाडायची. दाट झाडीत खांदा बुंध्याला घासू न देता निघायचं, अरुंद घळीत उडी घेऊन अंग वळवायचं. कुठं वाऱ्यानं वरच्या बर्फाला भाकरीसारखा पापुद्रा आणलेला असायचा, आत सगळं भुसभुशीत. त्यात फळी रुतली की पाय मोडलाच म्हणून समजा. नवख्याला साहेब तिकडं फिरकू द्यायचा नाही. दोन हिवाळे झाल्यावर त्यानं या दोघांना नेलं.

मायाप्पाला त्याचं व्यसन लागलं, दुसरा शब्द नाही. गुडघाभर बर्फातून तो उतरायचा तेव्हा कसला म्हणून आवाज नसायचा, स्वतःच्या श्वासाचा तेवढा. जन्मभर मेंढरांच्या मागनं चाललेला माणूस तो. त्याच्या पुढं पहिल्यांदाच कुणी नव्हतं.

उघड्या उतारावर साहेबाचा एक नियम होता. एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी खडकाच्या आडोशाला उभं राहायचं आणि तो पार झाला की दुसऱ्यानं निघायचं. मधे कुणी पडला तरी मागनं जायचं नाही. दोघंही "जी साहेब" म्हणाले खरे, पण गोष्ट त्यांच्या रक्तात उतरेना. धनगर ओढा ओलांडतो तो सगळा कळप एकदम घालून. एकटं राहिलेलं मेंढरू लांडग्याच्या वाट्याचं, हे त्याला चालायला शिकायच्या आधी कळतं. हरिबा म्हणायचा, "दाजी, ह्यो साहेबाचा कायदा उलटाच हाय की. एकल्याला सोडायचं आन् लांबनं बगत ऱ्हायाचं?"

तिसऱ्या हिवाळ्यात दोन दिवस वादळ झालं आणि तिसऱ्या दिवशी लखलखीत ऊन पडलं. साहेब आधी उतरला आणि खालून त्यानं हात हलवला. मग मायाप्पा निघाला. उताराच्या मध्यावर त्याच्या फळीचा चामडी पट्टा तुटला, फळी एकीकडं गेली आणि तो कमरेइतका रुतून बसला. त्यानं वर बघून ओरडून सांगितलं, "थांब तितंच!" हरिबानं ऐकलं असणार, कारण तो क्षणभर थांबला. मग निघाला. तो जवळ येतोय तोच वर कुठंतरी टर्रकन आवाज झाला, कापडवाल्यानं मांजरपाट फाडावं तसा, आणि अख्खा उतार खाली सरकू लागला.

मायाप्पा वाहत जाऊन खालच्या झाडीत एका बुंध्याला अडकून राहिला. हरिबाला साहेबानं आणि त्यानं फळ्यांनी, हातांनी उकरून काढलं तेव्हा ऊन कललं होतं. अंगावर साधा ओरखडा नव्हता. देवदाराखाली बर्फ बाजूला करून, वर जाळ करून, भुई मऊ पाडून त्यांनी त्याला माती दिली. मायाप्पा माघारी आला तो त्याची घोंगडी घेऊन.

ती घोंगडी हीच मोठी चूक ठरली. केराबाईनं ती उलटसुलट करून पाहिली. फाटलेली नाही, रक्ताचा डाग नाही. "असलं कसलं मरान?" ती म्हणाली. "तितं कुणीतरी गोरीपान भेटली आसंल त्येला. तुमी झाकताय, दाजी." मायाप्पाची बायको मायाक्का, हरिबाची सख्खी बहीण, ऊर बडवून रडली. केराबाई रडली नाही. तिनं घोंगडी घडी करून ठेवली आणि रोज मेण लावून कुंकू रेखत राहिली. मायाप्पानं तिला पिंजलेल्या कापसाचा ढीग दाखवून सांगितलं, पीठ दाखवून सांगितलं. एकदा शहरातून भुशातला बर्फ आणला, तर पोचेपर्यंत त्याचं पाणी. ती म्हणाली, "ह्यानं मेला व्हय?"

अशी चार वर्षं गेली. साहेब विलायतेला गेला. केराबाईचा बाप तात्याबा थकला. नातेपुत्याचा बाळासो म्हणून एक भला बिजवर तिच्याशी पाट लावायला तयार होता. पण जिचं कुंकू जागेवर आहे तिचा पाट कसा लावायचा? तात्याबा मायाप्पाला म्हणाला, "मी आज हाय, उद्या न्हाय. तिच्या मागं कोन? पावनं, तुमीच तिला पटवा. बाळासो ह्या सुगीपल्याड थांबायचा न्हाय."

सुगीत मायाप्पा गावी गेला. खळ्यात जोंधळ्याची रास लागली होती, उपणून स्वच्छ केलेली, पांढरी, कमरेएवढी. केराबाई कडेनं दाणे झाडत होती. मायाप्पानं वहाणा काढल्या आणि राशीपुढं उभा राहिला. तिचा उतार त्या डोंगरासारखाच होता. लक्ष्मीपुढं मरणाचं बोलू नये हे त्याला काय माहीत नव्हतं? पण तो बोलला.

"केरा, हिकडं बग." त्यानं दोन खडे उचलले. एक राशीच्या मध्यावर अलगद ठेवला. "ह्यो मी." खडा राहिला. दुसरा त्याच्या जरा वर टेकवला. "ह्यो हरिबा."

राशीची ती बाजूच्या बाजू सरसरत खाली आली. पहिला खडा घरंगळत कडेला मातीत पडला. दुसरा दिसेना.

केराबाईनं केरसुणी ठेवली. कोपरापर्यंत हात जोंधळ्यात खुपसला, चाचपला आणि खडा काढून मुठीत धरला.

"साहेब तर एकालाच जावा म्हनायचा की," ती म्हणाली. "तुमीच सांगितलंसा. मग ह्यो दुसरा कशाला निगाला?"

हे तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही आपणहून सांगितलं नव्हतं.

"मी पडलो हुतो, केरा. मदीच. एकला. त्येला थांब म्हनलं हुतं."

केराबाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. चार वर्षं कापसानं, पिठानं, बर्फानं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं.

"न्हाय थांबायचा त्यो," ती म्हणाली. "तुमाला एकल्याला सोडून? न्हायच थांबायचा."

मग तिनं पदर कपाळाला लावला. कुंकू गेलं, पण खालचं मेण निघेना. तिनं ते नखानं खरवडून काढलं. मायाप्पाला ते बघवेना. चार वर्षं तिला पटावं म्हणून तो झटला होता, आणि पटलं तेव्हा त्याला वाटलं, हरिबा आत्ता, इथं, या खळ्यात मेला. रास पुन्हा जशीच्या तशी उभी करता आली असती तर त्यानं केली असती. तो कडेला खाली बसला.

केराबाई खोपीकडं निघाली. अर्ध्यात गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं.

"दाजी, उठा. हितं एकलं बसू नगासा."

तो उठला नाही. तेव्हा ती परत आली, खडा मुठीत तसाच, आणि त्याच्याजवळ खाली बसली.