मालूबाईचे उपास

"मावशी, लुगड्यावरून मोजता येतात माझ्या बहिणीच्या फासळ्या. जसोंडीहून दिली तेव्हा अशी होती का?"

"कडू, तुझी जीभ नावासारखीच रे बाबा. उपास काय आम्ही लादले? तिनंच देवीला बोललेत. पोर पाहिजे ना?"

"केळीचं पाणी तोडलं तर घड येतो का?"

"खाऊन पोरं होत असती, तर हलवायाच्या घरी पलटण निघाली असती!"

मालूबाई दाराआडून भावाचं आणि सासूचं हे भांडण ऐकत होती. संस्थानं विलीन होत होती, त्या दिवसांतली गोष्ट. देश जोडला जात होता, आणि बुऱ्हाणपुरातलं तिचं घर मात्र मोडायला आलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. देवरामला, तिच्या नवऱ्याला, दुसरी करून द्यायची, असं सासू रंभाबाई उघड बोलू लागली होती. म्हणून मालूबाईनं इच्छापूरच्या देवीला सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशीचे उपास बोलले होते, तेही निरंकार, काहीही न खाता. उरल्या दिवशी एक वेळ भाकर. भावानंच देवीच्या कामात खोडा घालावा, याचा तिला असा राग आला, की तिनं शुक्रवारही धरला.

आणि तिची पाळी चुकली! रंभाबाईनं गल्लीभर दराबा, रव्या-तुपाची मिठाई, वाटला. ओटी भरली. पाच महिने झाले तरी पोट पाठीलाच चिकटलेलं. बुऱ्हाणपूरच्या वैशाखात माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतात, आणि ही गोधडी ओढून बसायची. सासू म्हणाली, "देवीनं दिलं आणि काढून घेतलं."

दुसऱ्या बायकोवर बंदी घालणारा कायदा यायला अजून अवकाश होता. कमल आली. बाई वाईट नव्हती. पहिला नंदकुमार झाला तेव्हा म्हणाली, "बाई, धरा याला, मला सुधरत नाही." मालूबाईनं धरला तो सोडला नाही. उपासही सोडले नाहीत. मागायचं काही उरलं नव्हतं. पण भुकेचीही सवय लागते.

सत्तरीतही ती मळ्यात वाकून केळीची पिलं, बुंध्याजवळचे कोंब, काढायची. लोक म्हणत, उपासानं बाईचं आयुष्य वाढवलं. नंदकुमारची मुलगी सुनंदा इंदूरला शिकून डॉक्टर झाली होती. तिला मालूबाईनं एकदा सहज विचारलं, खरं का गं?

"कमी खाऊन उंदीर जास्त जगतात, आजी. माणसांचं अजून नक्की नाही. पण अंगातली चरबी नुसती पडून नसते. ती रक्तातून डोक्याला निरोप धाडते, कोठीत दाणे आहेत म्हणून. कोठी रिकामी झाली की निरोप तुटतो. मग शरीर पाळी बंद करतं. आधी आपला जीव, मग दुसरा. थंडीही त्यानंच वाजते."

मालूबाईनं बोटांवर ते जुने पाच महिने मोजले.

"म्हणजे देवी नाही म्हणाली नव्हती?"

"देवीचं मला काय माहीत, आजी? पण तू वांझ नव्हतीस, असं वाटतं मला."

त्या गुरुवारी मालूबाई दोन्ही वेळा जेवली.

पुढं गल्लीतल्या कुठल्याही सुनेनं पोरासाठी निरंकार धरला, की ही ताट घेऊन दारात हजर. सासवा मागून बोटं मोडत. तोंडावर कुणी बोललं नाही. ती वारली त्या दिवशी सकाळीही कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर आणि लोण्याचा गोळा घेऊन गल्लीतल्या सुधाकरच्या नव्या सुनेकडे, शोभाकडे, गेली होती.

"आजी, आज माझा उपास आहे."

"देवीला मी सांगते. तू खा."

शेवटचा घास पोटात जाईस्तोवर ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग रिकामं ताट उचललं आणि भिंतीला धरून घरी आली.