सही केलेला कोपरा

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि रोज एसटीने भोकरदनहून जालन्याला जायची. सिव्हिलचा डिप्लोमा करून एका दुकानांच्या इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले होते. जेमतेम सहा महिने झाले होते. साइटवरची मी एकटीच मुलगी इंजिनिअर. आपल्या हातून काही चुकलं, तर 'हे पोरीचं काम न्हाई, म्हणलं होतं' असं सगळे म्हणतील, याची मला सतत धास्ती असायची.

त्या दिवशी पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता. काँक्रीट ओतण्याआधी खालचे लोखंडी टेकू एकेक करून तपासायचे आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. मी तपासत गेले. एक कोपरा राहिला. तिथं टाकीसाठी खणलेला खड्डा आठवड्यापूर्वीच काळ्या मातीनं बुजवला होता; सगळा चिखल होता. इतक्यात वरून सेंट्रिंगचे मिस्त्री ओरडले, "मॅडम, जल्दी करा, मिक्सरची गाडी उभी राह्यली."

मिस्त्री आमच्याच तालुक्यातल्या धावडा गावचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी विचारलं, "मामा, त्या कोपऱ्यातलं?"

"बराबर हाय."

मी सही केली.

दुपारपर्यंत अर्धा स्लॅब झाला होता. डबा उघडला, पण तो न बघितलेला कोपरा डोक्यातून जाईना. म्हणून मी खाली गेले, एकटीच. कोपऱ्यात दोन टेकूंखालची फळी चार बोटं चिखलात रुतली होती. एक टेकू वाकला होता. वरच्या प्लायमधून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं. मी बघत असतानाच फळी आणखी थोडी खाली गेली.

डोक्यावर वीस माणसं चालत होती, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. आणि अशा वेळी मला आठवलं काय, तर कागदावरची माझी सही. ओरडले आणि काहीच झालं नाही, तर हसं होईल. खरंच झालं, तर सही माझीच आहे. किती वेळ तशी उभी होते, कुणास ठाऊक. चार-पाच श्वास असतील. पुढं कित्येक वर्षं मला त्या श्वासांचीच जास्त भीती वाटत राहिली.

मग मी जिन्यानं वर पळाले. आवाज फाटला होता.

"खाली उतरा! सगळे उतरा! कोपरा बसतोय!"

मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडं बघितलं. लगेच काँक्रीटचा पंप बंद करायला लावला, मजूर बायांना आधी जिन्याकडं पाठवलं, स्वतः शेवटी उतरले. आम्ही रस्त्यापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात ओल्या पोत्यांची थप्पी कोसळावी तसा आवाज झाला. कोपरा खाली आला होता. माणसं मोजली. सगळी होती. मी तिथंच रेतीवर बसले.

तासाभरात मोठे साहेब आले. "तपासलं कोणी होतं?"

मिस्त्री पुढं झाले. "साहेब, बराबर हाय म्हून मीच बोलल्तो."

"मी तो कोपरा बघितलाच नव्हता सर," मी म्हणाले. "न बघता सही केली."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. घरी जायला सांगतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "वर्षभर कुठल्याच कागदावर सही करायची नाही. पण यायचं रोज."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर समोरून दोन गाड्या जाऊ दिल्या. तिसरीत बसले. साइटवर पोचले तर पडलेला मलबा बाजूला सारून मिस्त्री फावडं घेऊन त्या खड्ड्यात गुडघाभर उतरले होते.

"या मॅडम," ते म्हणाले, "कडक जमीन लागेस्तोवर खोदून राह्यलो. लागली का ते तुमी सांगा."

मी चपला काढल्या आणि खाली उतरले.