भिंतीवरचा खडस

पेंटरने आयुष्यभर अक्षरंच रंगवली होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळांची फाटकं. चित्राशी त्याचा संबंध दातांच्या दवाखान्यासाठी काढलेल्या एका दाढेपुरता. तरी मत्स्य विभागाच्या साहेबांनी धरणकाठच्या मासळी धक्क्याची भिंत त्यालाच दिली, कारण गावात दुसरा पेंटर उरलाच नव्हता. भिंतीवर इथल्या पाण्यातले बारा मासे काढायचे आणि कोणता किती मोठा झाल्याशिवाय धरायचा नाही, ते खाली लिहायचं, असं काम होतं.

साहेबांनी दिलेल्या पुस्तकात बघून त्याने पहिल्या दिवशी मरळ काढली. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला सगळा धक्का आत्या म्हणायचा, ती म्हणाली, "पेंटर, ही मरळ आहे की पडवळ?"

हशा पिकला. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, "उद्यापासून मी जात नाही."

"मग ते रंगाचे आठ डबे काय मी तोंडाला फासू?" बायको म्हणाली.

सकाळी तो तोंड पाडून गेला, तर शिडीपाशी बादली आणि बादलीत जिवंत मरळ. "पुस्तक मिट," आत्या म्हणाली. "हिच्याकडे बघ. मेली की रंग उतरतो, म्हणून हात भरभर चालव."

मग रोज एक नवा मासा यायचा. शिंगट्याच्या मिशा त्याने दोनदा मोजल्या, आठ भरल्या. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं हे त्याला पन्नाशीत कळलं. चित्र झालं की मॉडेल आत्याच्या टोपलीत जायचं आणि दुपारपर्यंत खपायचं.

बारा मासे झाले. टोकाला दोन हात जागा उरली.

"तिथे खडस काढ," आत्या म्हणाली.

"यादीत नाही तो."

"कसा असेल? त्याला वाहतं पाणी लागतं. धरण झालं, पाणी थांबलं, तो गेला."

"मग काय बघून काढू?"

"मी सांगते ना."

त्यात पाच दिवस गेले. ओठ जाड हवेत. खवला तळहाताएवढा हवा. पिवळा नको, घासलेल्या पितळेसारखा हवा. पेंटर पुसून पुसून रडकुंडीला आला. पाचव्या दिवशी ती सहज बोलून गेली, की लग्नानंतर नवऱ्याने पहिला मासा घरी आणला तो खडसच. खांद्यावर टाकला होता, तर शेपूट त्याच्या गुडघ्यामागे आपटत होतं. पेंटर शिडी चढला आणि त्याने मासा वीतभर लांबवला.

आत्या बराच वेळ बघत राहिली. "हाच," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाला एकही हाक मारली नाही.

साहेब तपासणीला आले. "तेरावा कुठून आला? आणि याच्याखाली किती इंच लिहिणार?"

पेंटरने आत्याकडे पाहिलं.

"लिही," ती म्हणाली, "दिसला तर सोडा."

साहेबांनी हातातली यादी पाहिली, मग भिंत पाहिली आणि बिलावर सही केली.

महिन्याभरात नदीच्या खालच्या अंगाच्या गावातून पेंटरला बोलावणं आलं. तिथेही तशीच भिंत हवी होती. त्याने होकार कळवला आणि निरोप आणणाऱ्याला बजावलं, की आत्याही सोबत येईल, तिच्यासाठी सावलीत खुर्ची टाकून ठेवा.