वहिनी विळीवर बसल्या

वाचनालयातील मित्रहो, माझ्या थोरल्या वहिनींच्या पायाचे मोडलेले हाड केव्हाच जुळले. "आता घरातले काम करू द्या," असे डॉक्टर बजावून गेले, तरी घरच्यांनी त्यांना खाटेवरून हलू दिले नाही.

आज सकाळी त्या भिंत धरून स्वयंपाकघरात आल्या आणि नारळ खवायला विळीवर बसल्या.

सून धावली. "सासूबाई, उठा हो. अंगात शक्ती कुठे आहे तुमच्या? लोक म्हणतील, सून राबवते."

"म्हणू देत गो. उद्या पाय आखडला तर मला धरून परसात न्यायला लोक येणार आहेत काय?"

नारळ खवून झाल्यावर त्या खांबाच्या आधाराने, कोणाचाही हात न घेता उठल्या.

अशक्त माणसाला काम देऊ नये, हा सुनेचा युक्तिवाद. परंतु अशक्तपणा काम काढून घेतल्यानेच वाढला होता. आपल्या घरी आदरापोटी कोणाला बसवून ठेवले आहे?