दुप्पट, चौपट, आठपट

दादाने मला विचारलेला शेवटचा प्रश्न वाऱ्याविषयी होता. बारामतीच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या कॉटवर तो बसल्या बसल्याच पडला होता, कारण आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा. मी आत शिरताच त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दोन बोटांनी जरा उचलला. "सुमे, तुमच्या माळावर वारा कुठनं हाय गं आज?" मी इंदापूरहून एसटीने आले होते, वाऱ्याकडे माझं मुळीच लक्ष नव्हतं. तरी म्हणाले, "पश्चिमेकडनं. बारीक हाय." त्याने समाधानाने मान हलवली आणि मास्क पुन्हा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती. "वन्सं, या तुमी," एवढंच म्हणाली.

आता महिना उलटून गेला. जळोचीच्या घरी माणसं अजून भेटायला येतात, आणि चहाचा कप खाली ठेवताना हळूच विचारतात, "स्फोट झाला का हो?" आख्खी जळोची त्याला रॉकेटवाले म्हणून ओळखायची, तेव्हा विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. आम्हालाही कायम त्याचीच भीती होती... पण स्फोट झाला नाही. माझ्या भावाला आगीने नेलं नाही. कशाने नेलं ते एकदा नीट सांगावं, म्हणून लिहायला बसले आहे.

दादा एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात मशिनरी सांभाळायचा. नोकरी नवी होती तेव्हा आमच्या परदेशात गेलेल्या मावसभावाने त्याला एक खोकं आणून दिलं. आत हातभर लांबीचं रॉकेट, सुटं. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे मागे झुकलेले तीन पंख, वर निमुळतं नाक आणि पोटात घडी घातलेली प्लास्टिकची छत्री. तिकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या हेच रॉकेट जोडत आली आहेत, असं मावसभाऊ म्हणाला. दादाने दोन रविवार खर्चून ते जोडलं, लाल-पांढरं रंगवलं आणि माझ्या सासरच्या माळावर उडवलं. सुर्र आवाज झाला, धुराची एक बारीक रेघ राहिली आणि बऱ्याच वेळाने ती छत्री डुलत डुलत बाभळीपाशी उतरली. मिशा असलेला माझा भाऊ टाळ्या पिटत तिच्यामागे पळाला होता. त्या रॉकेटचं नाव त्याने ठेवलं चिमणी.

मला वाटलं, आता तो दुसरं काहीतरी, वेगळ्या आकाराचं बनवील. पण तो म्हणाला, "न्हाय. हेच बनवायचं. फकस्त मोठं." का, तर म्हणे, "ह्याचं माप बरोबर हाय, सुमे. इतक्या लोकांनी उडवलं, कुणाचं वाकडंतिकडं गेलं न्हाय. मग बरोबर असलेली गोष्ट कुठवर बरोबर राहती, ते बघायचं." तेव्हा मला ते वाक्य आवडलं होतं.

दुसरं दोन हातांचं झालं. त्याचं नाव टिटवी. वहिनी त्यावरून भडकली. "दुसरं पाखरू न्हवतं का? टिटवी वरडली की माणूस जातं म्हणत्यात." दादा हसला. त्या दिवशी तिने बेसनाचे लाडू वळले होते. त्यातला एक उचलून तो आम्हाला शिकवायला लागला. "हा लाडू रुंदीला दुप्पट केला, तर बेसन किती लागंल? दुप्पट? न्हाय. आठपट. रॉकेट दुप्पट केलं की वजन आठपट. आन् वरनं रंग लावायचं अंग चौपट." वहिनी म्हणाली, "आठपट लाडू वळायला हात कुणाचं लागत्यात, त्ये बी सांगा की." आम्ही सगळे हसलो. वजनाचा हिशेब त्याला कायम पाठ होता. ते चौपट अंग मात्र नुसतं रंगवायचं नव्हतं, घासायचंही होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण दोन हातांनंतर पुठ्ठा पुरेना. चार हातांचं रॉकेट, म्हणजे घार, तो करायला लागला तेव्हा रिटायर झाला होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन नावाचं चिकट रसायन आणलं. नळीवर कापड गुंडाळायचं, रेझिन चोपडायचं, वाळलं की खळगे बुजवायला रेझिनमध्ये बारीक दगडाची पांढरी पूड कालवून लावायची, आणि मग घासायचं. पॉलिश पेपरने घासायचं, हाताने अंदाज घ्यायचा, परत लावायचं, परत घासायचं. आरशासारखं झाल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. शेडचं दार तो लावून घ्यायचा. शेजारच्या रस्त्यावरची धूळ ओल्या रेझिनवर बसते म्हणून... बाहेरची धूळ आत येऊ नये याची त्याला फार काळजी होती. जेवायला बाहेर यायचा तेव्हा त्याच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस पांढरे झालेले असायचे. वहिनी म्हणायची, "आलं, पिठाच्या गिरणीतनं." आम्ही त्यालाही हसायचो.

घाबरायचो ते आगीला. खरं तर आगीच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. रॉकेटची दारू घरी कालवायची नाही, दारू भरलेली मोटर तयार आणि सीलबंदच आणायची, हा त्याचा नियम. रीतसर परवानगी असल्याशिवाय तो माळावर यायचा नाही. पेटलं नाही तर कुणी जवळ जायचं नाही, म्हणून तो स्वतः दोरी बांधून हद्द आखायचा. घार उडवली त्या दिवशी मी दोरीच्या अलीकडे वहिनीचा हात धरून उभी होते. घार सरळ गेली, दिसेनाशी झाली, आणि छत्री उघडलीच नाही. वरून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो वाढतच गेला. कुठून येतोय ते कळेना, पळावं कुठे ते कळेना. मग कडेच्या उसात धप्प झालं. कुणाला लागलं नाही. रॉकेट ओल्या मातीत अर्ध्याच्या वर रुतलं होतं. घरी येताना वहिनी जीपमध्ये एवढंच बोलली, "एक दिस ह्यो जाळ तुमाला घिऊन जाईल." दादा खोकत होता. त्या खोकल्याकडे आमच्यापैकी कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग आठ हातांचं काम सुरू झालं. शेडमध्ये ते उभं मावत नव्हतं, लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. याला त्याने पाखराचं नाव दिलं नाही, नुसतं मोठी म्हणायचा. वहिनी सवत म्हणायची. त्याच सुमारास जिना चढताना दादा मध्येच थांबायला लागला. मी कारखान्याच्या काजळीला दोष दिला, कारण गाळप चालू झालं की आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात. त्याने कधी बिडीला हात लावला नव्हता, तंबाखू नाही. औषधं झाली, काढे झाले, कपडे सैल होत गेले. शेवटी बारामतीतल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता?" दादा म्हणाला, "काय न्हाय. रिटायर हाय." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर त्याची नाडी बघता बघता थांबले. त्यांनी त्याचा हात उलटा केला, नखांच्या कडेची पांढरी पूड पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हे काय आहे?" खोलीत आम्ही तिघं होतो. वहिनीनेच सगळं सांगितलं.

घासताना उडालेली दगडाची पूड श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसात दगड धरावा तसं झालं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. असलेलं जपायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "त्या शेडचं दार आता उघडायचं नाही." वहिनीने कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

दिवाळीनंतर मी राहायला गेले, तेव्हा दुपारी दादा कॉटवर नव्हता. अंगणात वहिनी मेथी निवडत बसली होती. किल्ली तिच्या कमरेला नव्हती. शेडमधून आवाज येत होता... खर्र, खर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. मी ओरडलेच, "वहिनी, तू दिलीस?" तिने मान वर केली नाही. "मागितली, म्हणून दिली, वन्सं. आठ दिस भिताडाकडं बघत पडलं हुतं. जेवत न्हवतं, बोलत न्हवतं. काल इचारलं, शकू, किल्ली देतीस का... आन् मी दिली." मी दार ढकललं. तोंडाला ओला रुमाल बांधून दादा स्टुलावर बसला होता, उन्हाच्या तिरिपेत सगळी हवा पांढरी दिसत होती. मला पाहून त्याने रुमाल खाली ओढला. "एकच बाजू ऱ्हायलीया गं." "दादा, मरायचंय का तुला?" "मरायचं कशाला?" तो म्हणाला, "उडवायचंय." आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. बरगड्या हाताला लागत होत्या. त्यानंतर तो शेडमध्ये गेला नाही. जाऊ शकला नाही.

परवा मी आणि वहिनी मिळून शेड उघडली. दोघींनी मास्क लावले होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी दारातूनच पाणी मारलं. इतकी वर्षं रोज सकाळी ही शेड वहिनीच झाडत आली. तिला कोरड्या झाडूने झाडायची सवय, तिचा हात झाडूकडे गेला तेव्हा मी तो काढून घेतला. सोमवारी तिच्याही छातीचा फोटो काढायचा आहे. ती म्हणते, मला काय धाड भरलीया. मी ऐकून घेते.

मोठी तशीच घोड्यांवर आडवी आहे. दाराकडची बाजू गुळगुळीत, दुधाच्या सायीसारखी. भिंतीकडची खडबडीत, काचेच्या कापडाचे धागे दिसतात तशी. मध्ये एक वेडीवाकडी रेघ आहे. स्टुलावर बसून त्याचा हात जिथवर पोचत होता, तिथवर ती रेघ जाते. शेपटीकडे उंच आणि पुढे नाकाकडे खाली खाली येत गेलेली. तिकडे तो शेवटी शेवटी पोचला असावा, हात उचलवत नसताना. मी न राहवून त्या रेघेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"वन्सं," मागून वहिनी म्हणाली, "हात धुवा आधी. तोंडाला लावू नगा."