वाऱ्यासाठी आखलेले रस्ते

मद्रासला वडील नगररचनेचे नकाशे काढत. शहराचे भवितव्य सांगायला मोठमोठे तज्ज्ञ येत. कुणी म्हणे, उद्याचे शहर मोटारी घडवतील. कुणी म्हणे, कारखाने. एका वृद्ध तज्ज्ञाने मात्र सांगितले, दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा आधी घराघरांत शिरू द्या, मग रस्ते आखा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आराखडा वडिलांनी जीव ओतून काढला, आणि तो नामंजूर झाला.

नकाशे खळ दिलेल्या, निळसर, चकचकीत कापडावर काढलेले असत. रद्द झालेले घरी आले की आई ते कढत पाण्यात भिजवी. खळ आणि शाई सुटून तलम सुती कापड उरे. त्याचे माझे झगे होत.

“अहो, हा वाऱ्याचा नकाशाही भिजवू ना?” आईने विचारले.

“राहू दे. पुन्हा मागवतील.”

“दोन उन्हाळे हेच ऐकतेय. पोरगी घामोळ्यांनी हैराण, आणि तुमचा वारा पेटीत!”

वडील हसले. मग त्यांनीच तो नकाशा बादलीत सोडला आणि रस्ते काळ्या धाग्यांसारखे पाण्यात विरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्या कापडाचा नवा झगा अंगाला पाण्यासारखा गार लागे. तो घालून मी गच्चीवर गेले, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “वारा लागतो का गं?”

“लागतो,” मी म्हणाले.

आता आमच्या घराच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, उंच भिंत आहे. तरी दुपार उतरली की मी खिडकी उघडते आणि कधीच न वसलेल्या त्या शहराची वाट पाहते.